चेरी टोमॅटो: फुलं येतात, फळ धरत नाही

बाल्कनीतल्या चेरी टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात, म्हणून बरेच जण खत वाढवतात. आधी ते थांबवा. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड नुसतं पानांनी माजतं. टोमॅटोच्या एकाच फुलात स्त्रीकेसर-पुंकेसर दोन्ही असतात, मधमाशी नसली तरी भागतं. पण बंद बाल्कनीत वारा नसल्याने पराग आतच अडकतात. मी सकाळी दहाच्या सुमारास घोसाच्या देठाला हलकेच टिचकी मारते. उन्हात बारीक पिवळी धूळ उडताना दिसते कधीकधी. (बॅटरीवरचा जुना टूथब्रश चालू करून देठाला टेकवला तरी चालतं, घरचे हसतात ते सोडा.) मात्र पारा ३५ अंशांच्या वर गेला की टिचकीचाही फारसा उपयोग नाही, तेव्हा दुपारची सावली करा.