उद्दिष्टे जाहीर झाली, आलेख मात्र सपाट: मोठ्या कंपनीत उत्सर्जन-कपातीला वेग कसा यावा?

आकडेमोड (प्रश्न)

मी एका मोठ्या उत्पादन कंपनीच्या शाश्वतता विभागात काम करते. कंपनीने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले असून २०३० साठी मधला टप्पाही ठरवला आहे. दिवे बदलणे, छतावर सौर पॅनेल बसवणे, अधिकाऱ्यांचा विमानप्रवास कमी करणे ही सोपी कामे उरकली आणि त्यानंतर आमचा आलेख जवळजवळ सपाट झाला. दर वर्षीचा अहवाल मात्र अधिकाधिक देखणा होत चालला आहे. जागतिक तापमानवाढीच्या १.५ अंशांच्या मर्यादेशी सुसंगत राहायचे, तर विज्ञानाधारित उद्दिष्टांच्या चौकटीनुसार स्कोप १ (कंपनीचे स्वतःचे थेट उत्सर्जन) आणि स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन) मध्ये आधारवर्षाच्या तुलनेत दर वर्षी साधारण ४.२ टक्के घट व्हायला हवी. आम्ही त्याच्या निम्म्यावरही नाही. कोणते तंत्रज्ञान उपलब्ध आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. मला विचारायचे आहे ते असे, की कंपनीच्या निर्णयप्रक्रियेत नेमके काय बदलले तर कपातीचा वेग खरोखर वाढतो?

भट्टीघर

तुमच्या कंपनीचे पुढील वीस वर्षांचे उत्सर्जन भांडवली खर्चाच्या मंजुरीत ठरते आणि त्या बैठकीला शाश्वतता विभागाला बहुधा बोलावलेलेच नसते. मोठा बॉयलर वीस-पंचवीस वर्षे सहज चालतो. आज जुन्याच्या जागी पुन्हा इंधन जाळणारा बॉयलर बसवला, तर २०४५ पर्यंतचा निर्णय आजच झाला, मग उद्दिष्ट काहीही असो. म्हणून पहिले काम म्हणजे सर्व मोठ्या यंत्रसामग्रीची यादी करून प्रत्येकीपुढे ती बदलण्याचे संभाव्य वर्ष लिहिणे, आणि त्या वर्षाच्या किमान दोन-तीन वर्षे आधी पर्यायी यंत्रणेचा आराखडा, जागा आणि वीजजोडणी तयार ठेवणे. वेग प्रत्यक्षात इथेच हरवतो. यंत्र अचानक बंद पडते, उत्पादन थांबवणे परवडत नाही, आणि पुरवठादाराकडे तयार असलेले जुन्याच पद्धतीचे यंत्र काही आठवड्यांत बसवले जाते. वाढीव वीजभार मंजूर होण्यास अनेक ठिकाणी वर्षे लागतात, त्यामुळे तो अर्ज प्रकल्पाला मंजुरी मिळण्याची वाट न पाहता आधीच करावा.

दुसरा अडथळा परताव्याच्या निकषाचा आहे. वीस वर्षे टिकणाऱ्या यंत्रणेचा खर्च दोन-तीन वर्षांत वसूल व्हावा, अशी अट वित्त विभाग घालतो, तेव्हा हीट पंपासारखे (विजेच्या मदतीने कमी तापमानाची उष्णता वरच्या तापमानाला नेणारे) पर्याय पहिल्याच चाळणीत गळतात. वाया जाणारी उष्णता हाताशी असेल आणि प्रक्रियेला लागणारे तापमान फार जास्त नसेल, तर हीट पंप एक युनिट विजेतून दोन ते चार युनिट उष्णता देतो. हा हिशेब यंत्राच्या पूर्ण आयुष्यावर मांडला, तरच तो दिसतो. यासाठी वेगळा निधी आणि सौम्य निकष असावा.

अंतर्गत कार्बन किंमत, म्हणजे प्रत्येक टन उत्सर्जनासाठी कंपनीने आपल्याच विभागांना लावलेले शुल्क, उपयोगी आहे, पण ती केवळ कागदावरची नसावी. विभागाच्या अंदाजपत्रकातून रक्कम खरोखर वजा झाली पाहिजे. मायक्रोसॉफ्ट २०१२ पासून आपल्या विभागांकडून असे शुल्क घेते. तरीही डेटा सेंटरच्या विस्तारामुळे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तिचे एकूण उत्सर्जन २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेले दिसले. व्यवसाय वेगाने वाढत असेल, तर एकटे शुल्क पुरे पडत नाही.

खरेदीकक्ष

वरील उत्तर स्कोप १ पुरते अगदी बरोबर आहे. मात्र बहुतेक उत्पादन कंपन्यांचा सर्वांत मोठा वाटा स्कोप ३ मध्ये, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतच्या साखळीतील उत्सर्जनात असतो, आणि तो आमच्यासारख्या खरेदी विभागांच्या हातात असतो. तुमचा स्कोप ३ चा आकडा कसा काढला जातो, ते आधी तपासा. खर्च केलेल्या रकमेला सरासरी गुणांक लावून तो काढला जात असेल, तर स्वस्त माल घेतल्यावर उत्सर्जन घटल्याचे दिसते आणि कमी कार्बनचे महागडे पोलाद घेतल्यावर ते वाढल्याचे दिसते! अशा हिशेबाने कोणताही पुरवठादार सुधारण्याची शक्यता नाही. सर्वांकडून माहिती मागवत बसण्यापेक्षा उत्सर्जनात सर्वाधिक वाटा असलेले मोजके पुरवठादार निवडून त्यांच्याकडून उत्पादननिहाय, पडताळलेले आकडे घ्यावेत आणि निविदेच्या मूल्यमापनात त्यांना ठरावीक गुण द्यावेत.

त्याहून महत्त्वाचा आहे कराराचा कालावधी. वर्षभराच्या करारावर कोणीही नवी भट्टी उभारत नाही. पाच-सात वर्षांच्या खरेदीची हमी असेल, तर पुरवठादाराला त्या आधारावर कर्ज मिळू शकते. तांत्रिक अटींकडेही पाहावे. सिमेंटच्या उत्सर्जनापैकी निम्म्याहून अधिक भाग इंधनातून येत नाही, तो चुनखडी तापवून क्लिंकर (सिमेंटचा मुख्य घटक) बनवताना होणाऱ्या रासायनिक क्रियेतून येतो. त्यामुळे काँक्रीटच्या अटींमध्ये सिमेंटचे किमान प्रमाण लिहिण्याऐवजी अपेक्षित मजबुती आणि टिकाऊपणा लिहिला, तर कमी क्लिंकरचे मिश्रण वापरण्याची वाट मोकळी होते. हा बदल करायला एक पैसाही भांडवल लागत नाही.

शंकेखोर

दोन्ही उत्तरे पटली, पण दोन ठिकाणी आकडे घटतील आणि उत्सर्जन तेवढेच राहील, म्हणून हे लिहीत आहे. भंगारापासून विजेच्या भट्टीत बनवलेल्या पोलादाचे उत्सर्जन झोतभट्टीत खनिजापासून बनवलेल्या पोलादाच्या तुलनेत फारच कमी असते, हे खरे. परंतु जगातले भंगार मर्यादित आहे. ते तुम्ही घेतले, तर दुसरा ग्राहक खनिजापासून बनवलेले पोलाद घेईल. दुसरे उदाहरण विजेचे. सुटी हरित प्रमाणपत्रे (वीज न घेता केवळ हरित विजेचा दाखला) विकत घेऊन बाजाराधारित पद्धतीने, म्हणजे खरेदीच्या कागदांवरून मोजून, स्कोप २ शून्य दाखवता येतो, आणि कारखान्यात मात्र पूर्वीचीच वीज येत राहते. म्हणून प्रकल्प उभारला जाण्यापूर्वीच दीर्घ मुदतीचा वीज खरेदी करार करावा, आणि शक्य तिथे वीजवापराची हरित विजेच्या निर्मितीशी सांगड वार्षिक बेरजेऐवजी तासागणिक घालावी. गुगलने २०३० साठी असेच उद्दिष्ट २०२० मध्ये जाहीर केले होते.

वरिष्ठांचे वेतन हवामान-उद्दिष्टांशी जोडण्याचा उपाय कोणीतरी सुचवेलच. उद्दिष्ट एकूण उत्सर्जनाचे असेल, तरच त्याला अर्थ आहे. ‘जागृती’ आणि ‘सहभाग’ यांवर गुण मिळत असतील, तर मिळणार काय?

आकडेमोड

सर्वांचे आभार. यंत्रसामग्रीची बदल-वर्षांसह यादी आमच्याकडे नाही, हे आज विचारल्यावर स्पष्ट झाले. एक अडचण उरते. उत्पादन वाढत असल्याने एकूण उत्सर्जनाऐवजी प्रति टन उत्सर्जनच पाहावे, असा वित्त विभागाचा आग्रह आहे. त्याला काय उत्तर द्यावे?

भट्टीघर

प्रति टन आकडा ठेवू द्या, कारण कारखान्यांची आपसांत तुलना करायला तो लागतोच. मात्र प्रत्येक वर्षासाठी एकूण उत्सर्जनाची कमाल मर्यादा संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्या आणि ती विभागांमध्ये वाटा. मग विस्ताराचा प्रस्ताव आणणाऱ्याने पैशांच्या तरतुदीबरोबरच, त्यातून होणारे वाढीव उत्सर्जन मर्यादेत कसे बसवणार आणि त्यासाठी कोणती जुनी यंत्रणा कधी बंद करणार, हेही त्याच प्रस्तावात लिहावे. ते लिहिलेले नसेल, तर प्रस्ताव अपूर्ण म्हणून परत पाठवण्याचा अधिकार वित्त विभागालाच द्यावा. तो अधिकार शाश्वतता विभागाकडे असेल, तर पहिल्याच मोठ्या प्रकल्पाच्या वेळी तो बाजूला सारला जाईल.