सल्ला हवा: जॉर्जियन काळातलं अस्सल इंग्लिश राजकीय व्यंगचित्र, १५० पौंडांत

शनिवारपेठी
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये भावाकडे लंडनला चालले आहे. बाबांना नोव्हेंबरात पंच्याहत्तर पूर्ण होतायत. हयातभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. इंग्रज-मराठा लढाई संपवणारा सालबाईचा तह आणि ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा खटला हे त्यांचे खास आवडीचे विषय. त्या काळी, म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या जॉर्जियन काळात, लंडनच्या दुकानांच्या काचेत टांगून विकली जायची तसल्या राजकीय व्यंगचित्रांपैकी एक त्यांना द्यायचं मनात आहे. त्याच काळात छापलेलं हवं आणि आपल्याकडच्या राजकारणाशी त्याचा संबंध हवा. बजेट १५० पौंड, फ्रेम पुण्यात करून घेईन. अस्सल कसं ओळखायचं आणि कुणाचं घ्यावं, कृपया सांगा.

टेम्सकाठी
१५० मध्ये काही होणार नाही ताई, स्पष्टच सांगतो. ५००-६०० ची तयारी ठेवा आणि त्या काळचा गाजलेला व्यंगचित्रकार जेम्स गिलरे, त्याचंच घ्या. दुसऱ्या कुणाचं घेतलंत तर पुढे चुटपुट लागून राहील. माझ्याकडे त्याचं १८०३ चं नेपोलियनवरचं चित्र आहे. संतापलेला बोनापार्ट टेबल-खुर्ची उलथून टाकतोय. दुकानातच हाताने भरलेले रंग अजून ताजे दिसतात. घरी येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थबकतो. इंग्लंडचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन पृथ्वीचं पुडिंग कापून वाटून घेतायत ते १८०५ चं प्रसिद्ध चित्र मिळालं तर सोनंच, पण त्याला हजारो पौंड पडतात.

शनिवारपेठी
धन्यवाद. पण नेपोलियन नको, हिंदुस्थानाशी संबंध हवा. आणि १५० च्या वर खरंच जाता येणार नाही.

कागदपारखी
जुन्या कागदांची डागडुजी करतो, म्हणून थोडं सविस्तर.

चित्राखाली प्रकाशकाचं नाव आणि तारीख असते. १७३५ च्या कायद्याने चित्रकाराला हक्क मिळाला, त्यासाठी ती ओळ छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर कोरावी लागायची. पण तेवढ्यावर विसंबू नका. गिलरेचे तांब्याचे पत्रे पुढे बोन नावाच्या प्रकाशकाकडे गेले आणि त्याने १८५० च्या सुमारास त्यांवरून पुन्हा छपाई केली. पत्रा तोच, त्यामुळे जुनी तारीखही तशीच उमटते. म्हणजे चित्रावर १७९१ आणि कागद १८५० चा.

ओळखायचं असं: बोनच्या प्रतीत उजव्या कोपऱ्यात वर क्रमांक असतो, कागद जाड असतो आणि बहुतेकदा पाठीमागेही दुसरं चित्र छापलेलं असतं. त्या प्रती बिनरंगी निघाल्या होत्या. रंगीत बोन दिसली तर रंग नंतर कुणीतरी भरलेत असं समजा. त्या काळच्या प्रतीची पाठ कोरी असते. पान उजेडासमोर धरलं की कधी कधी जलचिन्ह, म्हणजे कागद करतानाच त्यात उमटवलेली खूण, दिसतं; व्हॉटमन या कागदवाल्याच्या कागदावर सालही असतं. साल चित्राच्या तारखेच्या नंतरचं असेल तर उत्तर तिथेच मिळालं. पत्रा दाबल्याची खोलगट कड चारी बाजूंनी बोटाला लागायला हवी. ती नसेल तर समास कापलेत. कापलेली प्रत कधीही घेऊ नये हे माझं ठाम मत आहे.

तुमच्या बजेटात गिलरे हवाच असेल तर बोनची स्वच्छ प्रत घ्या. पत्रा गिलरेच्याच हातचा असतो, हे लक्षात घ्या.

धोपटमार्गी
कृपया फ्रेममध्ये बंद असलेलं काहीही घेऊ नका. मी सुट्टीच्या बाजारातून फ्रेमसकट एक घेतलं. विक्रेता म्हणाला दोनशे वर्षं जुनं, पाठीला तपकिरी कागद चिकटवलेला. घरी भिंग लावलं तर सगळ्या रंगात बारीक ठिपके, ऑफसेट छपाईचे. पैसे परत मागायला गेलो तर विक्रेता जागेवर नव्हता. अजून संताप होतो. दहापट मोठं करणारं भिंग पिशवीत ठेवा आणि फ्रेम उघडून दाखवायला सांगा. नकार दिला तर पुढे चला.

पिक्सेल
विकत कशाला घ्यायचं? ब्रिटिश राजघराण्याचा हजारो व्यंगचित्रांचा संग्रह १९२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विकत घेतला, त्यातली बरीच आज संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. येलच्या लुइस वॉलपोल लायब्ररीचीही तशीच आहेत. चांगल्या कागदावर छापून घ्या. काकांना फरक कळणारही नाही.

शनिवारपेठी
@पिक्सेल, बाबांना नक्की कळेल. आणि मला तोच कागद हवाय जो तेव्हा कुणीतरी हातात धरून वाचला.

टेम्सकाठी
अगदी बरोबर. म्हणूनच म्हणतो, ६०० पर्यंत जा.

मोडीवाचक
हिंदुस्थान हवाय ना, मग गिलरेचं डिसेंबर १७९१ चं श्रीरंगपट्टणच्या माघारीवरचं चित्र बघा. पावसाळा आला म्हणून इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पळतोय आणि टिपू तटावरून त्याच्यावर लघवी करतोय. स्वतःच्या सेनापतीचं असं चित्र राजधानीत उघड विकलं जात होतं!

यात मराठे दिसत नाहीत, पण प्रसंग आपला आहे. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसची जनावरं मेली, धान्य संपलं आणि वेढ्याच्या तोफा स्वतःच नष्ट करून तो मागे फिरला. नेमक्या तेव्हा मेळकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौज घेऊन पोचले. उपाशी इंग्रज फौजेला धान्य मिळालं ते मराठ्यांच्या तळावरच्या बाजारात, चढ्या भावाने. काकांना हे चित्र दिलंत तर ते तासभर बोलतील.

कृष्णाकाठ
तेच परशुरामभाऊ सहा महिने टिपूच्या धारवाड किल्ल्याच्या वेढ्यात अडकले नसते तर ही माघार झालीच नसती.

मोडीवाचक
धारवाडचा किल्ला तोफांशिवाय पडणार कसा होता? सोबत मुंबईहून आलेली इंग्रज तुकडी होती, तिलाही तो घेता आला नाही. एप्रिलमध्ये किल्लेदाराने तह करून सोडला. भाऊंना दोष देण्याआधी दारूगोळा कुणी किती पुरवला ते बघा.

कृष्णाकाठ
पुणे दरबाराला टिपू पुरता बुडायला नको होता, हे नाकारता का? वेढा रेंगाळण्यामागे तेही आहे.

मोडीवाचक
दरबाराचं धोरण वेगळं आणि वेढ्यावरच्या सरदाराचं काम वेगळं. स्वतंत्र धागा काढा, तिथे बोलू.

नाशिकचा_नाना
ताई, एक महत्त्वाची गोष्ट कुणी सांगितली नाही. चित्रावरच्या तारखेवर विश्वास ठेवू नका. बोन नावाच्या माणसाने नंतर छापलेल्या प्रती फिरतात. पाठीमागे चित्र असेल तर बोन.

कागदपारखी
हे वर सविस्तर लिहिलंय.

गिरगावकर
मुंबईचं कुणी नावच काढत नाही! १८१६ मध्ये लंडनला थॉमस टेगने ‘क्वी हाय’ नावाच्या गोऱ्याच्या हिंदुस्थानातल्या उपद्व्यापांवर एक उपहासकाव्य छापलं, त्यातली चित्रं टॉमस रोलँडसनची. ‘कोई है’ म्हणून नोकराला हाका मारणारा, म्हणून क्वी हाय. त्यात मुंबईची खानावळ आहे, डोंगरी आहे, घारापुरीची लेणी आहेत. त्या पुस्तकातली सुटी पानं मिळतात, रंग त्या काळचे. माझ्याकडे डोंगरीचं आहे आणि ते मला १०० च्या आत मिळालं. आकारही लहान, सामानात सहज बसेल.

कागदपारखी
सुटी पानं विकण्यासाठी लोक चांगली पुस्तकं फाडतात. कृपया अशी खरेदी सुचवू नका.

गिरगावकर
माझ्या पानाचं पुस्तक कित्येक वर्षांपूर्वीच फुटलेलं होतं. मी पान घेतलं नसतं म्हणून ते पुन्हा शिवलं गेलं नसतं.

कागदपारखी
मागणी असते म्हणूनच पुढचं पुस्तक फाटतं.

लेस्टरहून_मीरा
शनिवारपेठी, लंडनला आहातच तर ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्रांच्या अभ्यासिकेत आधी जाऊन या. ईमेलने वेळ घ्यावी लागते, पैसे पडत नाहीत. हवी ती प्रिंट टेबलावर आणून देतात. खरा कागद आणि खरी शाई एकदा नीट पाहिली की दुकानात नजर फसत नाही. त्यांच्याकडे या व्यंगचित्रांची ११ खंडांची वर्णनसूची आहे, त्यातले शेवटचे सात खंड डोरोथी जॉर्ज या बाईंनी केले. दुकानदार चिठ्ठीवर ‘बीएम’ आणि आकडा लिहितात तो त्या सूचीतला. घरबसल्या म्युझियमच्या संकेतस्थळावर तो आकडा घातला की चित्रातला कोण कोण ते कळतं, आणि दुकानातल्या प्रतीशी ताडूनही पाहता येतं.

दुकानांसाठी चेरिंग क्रॉसजवळच्या सेसिल कोर्ट गल्लीत जा. भिंतीवरची महाग असतात. आत फडताळात बिनफ्रेमच्या प्रिंट्सचे गठ्ठे असतात, ते मागा.

शनिवारपेठी
मीराताई, मनापासून आभार. लगेच ईमेल करते. हेस्टिंग्जवर आणखी काय शोधू?

मोडीवाचक
गिलरेचीच दोन, शेजारी ठेवून बघण्यासारखी. मे १७८६ मध्ये हेस्टिंग्ज उंटावर बसलेला, हातात ढाल, सोबत महसुलाच्या थैल्या, आणि संसदेतले पुढारी बर्क, नॉर्थ, फॉक्स दरोडेखोरांसारखे त्याच्यावर तुटून पडलेले. तिथे तो हिंदुस्थानचा त्राता. मार्च १७८८ मध्ये, खटला उभा राहिल्यावर, तोच हेस्टिंग्ज लॉर्ड चॅन्सेलर (वरिष्ठ न्यायाधिकारी) थर्लोच्या खांद्यावर बसून प्रेतांनी भरलेला रक्ताचा समुद्र ओलांडतोय. कलाकार एकच, मधे दोन वर्षंही नाहीत.

कृष्णाकाठ
म्हणजे जो पैसे देईल त्याचं चित्र. १७९७ पासून गिलरेला सरकारकडून गुपचूप वर्षाला २०० पौंड मिळत होते, हेही सांगा.

टेम्सकाठी
पैसे घेऊनही त्याने पिटला सोडलं नाही. त्याच १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडला नोटांचा झगा घातलेली म्हातारी केलं आणि तिच्या सोन्याच्या पेटीवर हात टाकणारा पिट काढला. बँकेला ‘थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी’ म्हणतात ते त्या चित्रापासून. आणि १८२० मध्ये जॉर्ज क्रुकशँकने राजाचं अनैतिक अवस्थेतलं चित्र काढणार नाही म्हणून १०० पौंड घेतले होते, त्याला काय म्हणाल? गिलरेसारखा हात दुसरा झाला नाही.

शाईचा_डाग
दोन पैसे माझेही. जेम्स सेयर्सची काही चित्रं फॉक्स आणि ईस्ट इंडिया कंपनीवर आहेत, स्वस्तात मिळतात. पण मी स्वतः घेणार नाही. मुळात वकील माणूस, रेषा ताठर, रंग नाहीत. भिंतीवर उठून दिसत नाही.

टेम्सकाठी
सेयर्स नको. पूर्ण सहमत.

कागदपारखी
सेयर्सच्या प्रती बऱ्याचदा कापून वहीत चिकटवलेल्या असतात. माझंही मत बोनकडेच.

शनिवारपेठी
मंडळी, घेतलं. सेयर्सचं घेतलं, आणि समास कापलेलं. बजेटच्या आत बसलं.

म्युझियमच्या अभ्यासिकेत गिलरेची दोन्ही हेस्टिंग्ज चित्रं पाहिली, फार ताकदीची आहेत. पण त्यांच्या नंतर समोर आलं सेयर्सचं ५ डिसेंबर १७८३ चं चित्र आणि मी तिथेच ठरवलं. फॉक्स मोगल बादशहाच्या थाटात हत्तीवरून लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीच्या कचेरीकडे चाललाय. हत्तीला तोंड लॉर्ड नॉर्थचं, तेच फुगीर डोळे. कालपर्यंतचा कट्टर विरोधक आज वाहन झालाय. पुढे बर्क तुतारी फुंकत हत्तीला घेऊन चालतोय. फॉक्सच्या झेंड्यावर ‘जनतेचा माणूस’ असं लिहिलेलं खोडलंय आणि खाली ग्रीक अक्षरांत ‘राजाधिराज’. भिंग लावल्यावर ते खोडलेले शब्द नीट वाचता येतात.

मला पटलं ते हे, की या चित्राने काम केलं. कंपनीचा कारभार सात जणांच्या मंडळाकडे द्यायचं फॉक्सचं विधेयक ८ डिसेंबरला संसदेच्या खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, मंजूर झालं, १७ ला वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, पाडलं आणि १९ ला पिट पंतप्रधान झाला. पाडलं ते राजाने लॉर्ड्सवर दबाव आणला म्हणून, हे मला माहीत आहे. पण संसदेतल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपलं जास्त नुकसान केलं असं फॉक्स स्वतः म्हणाल्याचं सांगतात. आणि हे सगळं सालबाईच्या तहानंतर दीड वर्षाने. मराठ्यांशी केलेल्या लढाईचा खर्च आणि गोंधळ बघून कॉमन्सने १७८२ मध्येच हेस्टिंग्ज आणि मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी यांना परत बोलवा असा ठराव केला होता. बाबांना जो धागा शिकवायला आवडायचा तो या कागदात आहे.

रंग नाहीत ते मला आवडलं. कापलंय, पण चित्र आणि प्रकाशकाची ओळ पूर्ण आहे: टॉमस कॉर्नेल, ब्रूटन स्ट्रीट. पाठीला जुन्या वहीचा गोंद आहे, चित्र नाही.

टेम्सकाठी
अभिनंदन. पण त्याच पैशात थोडी भर घालून गिलरे आला असता.

कागदपारखी
समासाबद्दल माझं मत तेच आहे, पण प्रकाशकाची ओळ शाबूत आहे म्हणजे काळजीचं कारण नाही. तो गोंद घरी पाणी लावून काढायला जाऊ नका, कागद फाटेल. पुण्यात फ्रेमवाल्याला बिनआम्लाचा माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) वापरायला सांगा आणि काच चित्राला टेकू देऊ नका. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगलंत तर तांबूस ठिपके पडतात आणि कसरही लागते. थेट ऊन नको.

धोपटमार्गी
फ्रेम करताना समोर उभ्या राहा. माझं एक चित्र फ्रेमवाल्याने पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं होतं.

गिरगावकर
छान झालं. पुढच्या वेळी घारापुरीचं बघा.

कृष्णाकाठ
हॉर्नबीला परत बोलवायचा ठराव झाला, पण हेस्टिंग्ज १७८५ पर्यंत हलला नाही. हॉर्नबीचं काय झालं, कुणी सांगेल का?

मोडीवाचक
तो १७८४ पर्यंत मुंबईतच होता. वरळीच्या बांधाचं श्रेय त्यालाच देतात. धारवाडच्या वेढ्यावर वेगळा धागा काढलाय, तिकडे या.