मुलांसोबत लेटरबॉक्सिंग : मराठवाड्यात डबा लपवावा तरी कुठे?

प्रश्न – सेलूची आई

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यात सेलूला राहतो; मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यासोबत लेटरबॉक्सिंग हा खेळ करून पाहावा, असे मनात आहे. मला समजले ते असे : कुणीतरी एक डबा लपवतो, त्यात एक रबरी शिक्का आणि एक वही असते, आणि तिथपर्यंत पोहोचण्याच्या खुणा कागदावर लिहिलेल्या असतात. शोधणाऱ्याने आपला शिक्का डब्यातील वहीत उमटवायचा, डब्यातील शिक्का आपल्या वहीत घ्यायचा आणि डबा होता तसाच पुन्हा लपवून ठेवायचा. खजिना घरी आणायचाच नसतो, हे मला विशेष आवडले, कारण आमच्याकडे कोणत्याही खजिन्याची वाटणी रडारडीवर संपते.

अडचण जागेची आहे. एखादा किल्ला चालेल का? सोबत काय न्यावे? आणि सात वर्षांच्या मुलीला हे जमेल का?

उत्तर – निवृत्त भूगोल शिक्षक, अंबाजोगाई

ताई, या खेळाचा उगम इंग्लंडमधील डार्टमूर या उघड्या, पाणथळ माळरानातला. १८५४ साली जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने तेथील क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली आणि तिथवर चालत येणाऱ्यांनी आपले नावाचे कार्ड तीत टाकावे, अशी प्रथा पडली. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पत्रे ठेवू लागले व नंतर येणारा ती टपालात टाकू लागला. नावातील ‘लेटर’ तेथून आले आहे. तो माळ माणसांच्या वर्दळीपासून दूर असल्याने डबा वर्षानुवर्षे टिकतो. आपल्याकडे निर्जन वाटणाऱ्या गायरानातही दिवसभरात दोन गुराखी आणि एक सरपण वेचणारी बाई येऊन जातेच, म्हणून जागेचा विचार येथे वेगळ्या पद्धतीने करावा लागतो.

किल्ला नको, हे स्पष्टच सांगतो. देवगिरी, नळदुर्ग, औसा, परांडा ही केंद्र किंवा राज्य शासनाची संरक्षित स्मारके आहेत. तेथील चिऱ्यांच्या फटीत काही खुपसणे योग्य नाही, शिवाय बुरुजांवर आणि कमानींखाली आग्या मोहोळ असण्याची शक्यता असते. गौताळ्यासारख्या अभयारण्यातही काही लपवू नये. बसस्थानक, मंदिर, बाजार येथे बेवारस डबा दिसला तर पोलिसांना बोलावले जाईल आणि त्यात लोकांची चूक म्हणता येणार नाही. राहता राहिले आपले किंवा नात्यातल्या कुणाचे शेत, आणि माझ्या मते तेच सर्वांत उत्तम. मात्र कपाशीत मुलांना पाठवू नका, कारण फवारणी केव्हा झाली हे मुलांना कळत नाही. बांध, आखाडा (शेतातले खोपटे) आणि मोठी झाडे एवढ्यातच खेळ बसवा आणि उघड्या विहिरीकडे किंवा बारवेकडे जाणारी एकही खूण ठेवू नका.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. परदेशी वर्णनांत डबा दगडाखाली किंवा झाडाच्या ढोलीत ठेवलेला असतो. आपल्याकडे तेथे विंचू असतो, फुरसे असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आढळतात. म्हणून डबा मुलांच्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर, फांदीच्या बेचक्यात सुतळीने बांधून ठेवावा आणि ‘जेथे आतले दिसत नाही तेथे हात घालायचा नाही’ हा नियम निघण्यापूर्वीच मुलांकडून वदवून घ्यावा.

उत्तर – ठसेवाली, लातूर

सरांनी जागेचे सांगितले, मी शिक्क्याचे सांगते, कारण मुलांना खरा आनंद त्यातच मिळतो. विकतचा शिक्का आणू नका. मोठे पांढरे खोडरबर घ्या. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, तो कागद खोडरबरावर उलटा ठेवून नखाने घासा. चित्र रबरावर उलटे उतरते, त्यामुळे छापल्यावर सुलटे येते. हे केले नाही तर नावाचे पहिले अक्षर आरशातल्यासारखे उमटते. (माझ्या मुलाचा ‘क’ दोन वर्षे तसाच होता आणि त्याला तो बदलायचा नव्हता.) कोरण्याचे काम मोठ्या माणसाने करावे, रेषा मुलांनी आखाव्यात. सात वर्षांच्या मुलीसाठी आधी भेंडी आडवी कापून शाईत बुडवून दाखवा. पाच पाकळ्यांचे फूल उमटते आणि शिक्का म्हणजे काय, ते दोन मिनिटांत समजते.

डबा घट्ट झाकणाचा आणि पारदर्शक घ्यावा, म्हणजे कुणाला संशय येत नाही. वर ‘हा मुलांच्या खेळाचा डबा आहे, कृपया येथेच ठेवावा’ असे लिहावे. आत खाऊ ठेवू नये; मुंग्या लागतात आणि माकडे डबा पळवतात.

उत्तर – भटक्या, छत्रपती संभाजीनगर

सरांचे म्हणणे सुरक्षिततेच्या दृष्टीने पटते, पण एक शंका मांडतो. आपल्याच शेतात आईने लपवलेला डबा मुलांनी शोधला, तर तो घरातल्या लपाछपीसारखाच झाला. वही उघडल्यावर कुणा अनोळखी हाताचा ठसा दिसतो, त्यात या खेळाची गंमत आहे. दोन-तीन ओळखीच्या कुटुंबांनी आपापल्या शेतात एकेक डबा ठेवावा आणि खुणांचे कागद एकमेकांना द्यावेत, म्हणजे मालकाची परवानगीही राहते आणि ठसेही परके मिळतात. जिओकॅशिंगशी याची गल्लत होते. २००० साली सुरू झालेल्या त्या खेळात उपग्रहाच्या आधारे जागा सापडते, येथे मात्र वाक्य नीट वाचावे लागते.

उत्तर – निवृत्त भूगोल शिक्षक, अंबाजोगाई

भटक्या यांची सूचना मान्य आहे; माझ्या उत्तरात ती उणीव होती. वाक्य नीट वाचण्यावरून खुणेचा एक नमुना देतो :

‘आखाड्याच्या दाराकडे पाठ करून उगवतीकडे तोंड करा. समोरच्या सर्वांत जुन्या लिंबापर्यंत जा. तेथून बांधाने चालत जिच्या फळाने आजीची पितळेची भांडी उजळतात, तिच्यापाशी थांबा. आता कंपासवर १२० अंशांकडे तोंड करून आईची वीस पावले चाला.’

चिंचेचे कोडे धाकटीसाठी, अंश थोरल्यासाठी. पावले कुणाची, हे लिहिलेच पाहिजे, नाहीतर वीस पावलांत चार-पाच मीटरांचा फरक पडतो. कंपास काळ्या खडकावर टेकवू नका. आपल्या बेसॉल्टमध्ये लोहखनिज असते आणि सुई भरकटू शकते.

सेलूची आई

सर्वांचे मनापासून आभार. जिंतूरला माझी बहीण असते. तिच्या आणि आमच्या शेतात एकेक डबा ठेवायचे ठरले आहे. काल सरांच्या नमुन्यावरून एक खूण लिहून घरामागेच चाचणी घेतली. पितळेच्या भांड्यांचे कोडे मुलीने भावाच्या आधी सोडवले, पण त्यापूर्वी ती ‘जुना लिंब’ शोधत शेजारच्यांच्या लिंबोणीखाली काटे चुकवत दहा मिनिटे उभी होती. खुणेत आता ‘कडुलिंब’ असे लिहिले आहे.