चीनमधून हॉस्पिटलचं सामान थेट मागवायचंय: ड्युटी किती, परवाने कोणते, माळीवाडा की मुंबई?

लातूरचा_सर्जिकलवाला:
नमस्कार मंडळी. लातुरात माझं सर्जिकलचं दुकान आहे. औसा, निलंगा, अहमदपूर भागातल्या छोट्या हॉस्पिटलांना पेशंट मॉनिटर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर, व्हीलचेअर, वॉकर असा माल देतो. आजवर सगळं मुंबई-दिल्लीच्या पार्ट्यांकडून घेतलं. आता शेनझेनच्या एका कारखान्याचं कोटेशन आलंय अन् भावातला फरक बघून थेट मागवायचा विचार करायलोय. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) काढून ठेवलाय, जीएसटी आहेच. ड्युटी एकूण किती बसेल? माल संभाजीनगरला माळीवाड्याच्या डेपोत उतरवता येतो का? चांगला सीएचए (कस्टम्समधून माल सोडवून देणारा एजंट) कुणी सुचवेल का? सप्लायर म्हणतोय की इनव्हॉइस निम्म्या रकमेचं करून देतो. हे चालतं का?

वाळूजची_परचेसवाली:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. नाही चालत. बँकेतून पैसे पूर्ण रकमेचे जाणार आणि बिल ऑफ एंट्रीवर (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदावर) निम्मी रक्कम दिसणार. ती एंट्री बँकेच्या आयात नोंदीशी जुळवली जाते, त्यामुळे फरक तिथेच उघडा पडतो. शिवाय तोच माल इतरांनी काय भावाने आणला याचा डेटा कस्टम्सकडे असतो. खोटं मूल्य दाखवलं तर माल जप्त होऊ शकतो, वर दंड. जो सप्लायर हे स्वतःहून सुचवतो, त्याची बाकीची कागदपत्रंही मी दोनदा तपासली असती.

आता ड्युटी. तुमची मॉनिटर, कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर ही उपकरणं एचएसएनच्या (मालाच्या वर्गीकरणाच्या कोडच्या) ९०१८ आणि ९०१९ या शीर्षकांत येतात. बहुतेकांवर मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के. त्यावर समाजकल्याण अधिभार. शिवाय ९०१८ ते ९०२२ मधल्या वैद्यकीय उपकरणांवर २०२० च्या बजेटपासून ५ टक्के आरोग्य उपकर. मालाची किंमत धरून या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), जो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. म्हणजे १० लाखांच्या मालावर ७५ हजार मूळ, ५० हजार उपकर, वर अधिभार आणि आयजीएसटी धरून एकूण १ लाख ९० हजारांच्या आसपास. दर बजेटनंतर दर पुन्हा बघायचे, जुना तक्ता वापरायचा नाही.

हे १० लाख म्हणजे कोटेशनवरची एफओबी (तिकडच्या बंदरावर माल चढवेपर्यंतची) किंमत नव्हे बरं का. त्यात भाडं आणि विमा मिळवायचा. विम्याचा कागद नसेल तर कस्टम्स एफओबीच्या १.१२५ टक्के धरतं. विमानाने आणलं तर भाडं प्रत्यक्षात कितीही गेलं तरी मूल्यात एफओबीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात.

व्हीलचेअर ८७१३ मध्ये जाते, तिला आरोग्य उपकर नाही. म्हणून सगळा माल एकाच एचएसएन कोडखाली ढकलू नका.

माळीवाडा_सीएचए:
ताईंनी हिशेब बरोबर मांडला, पण दादा, तुमची खरी अडचण ड्युटी नाही. ड्युटी भरता येते. परवाना नसेल तर ड्युटी भरायची वेळच येत नाही.

१ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ प्रमाणे जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. ए-बी ला १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी-डी ला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा. आयातदाराने सीडीएससीओच्या (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या) पोर्टलवर एमडी-१४ मध्ये अर्ज करायचा, परवाना मिळतो तो एमडी-१५. त्यासाठी कारखान्याचं मुखत्यारपत्र, फ्री सेल सर्टिफिकेट (माल तिकडे खुलेपणाने विकला जातो याचा दाखला), आयएसओ १३४८५ हे गुणवत्ता प्रमाणपत्र आणि उपकरणाची सगळी तांत्रिक फाइल लागते. फी डॉलरमध्ये, कारखान्याची वेगळी आणि प्रत्येक उपकरणाची वेगळी. नियमातच नऊ महिन्यांपर्यंतची मुदत आहे. हा परवाना त्याच कारखान्याला आणि त्याच उपकरणाला बांधलेला असतो. उद्या शेजारच्या कारखान्यातून स्वस्त मिळालं तर पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळं तुमच्या उलाढालीला परवडतं का, ते आधी बघा. मला विचाराल तर मॉनिटर अन् कॉन्सन्ट्रेटर ज्याच्याकडे आधीच एमडी-१५ आहे अशा आयातदाराकडूनच घ्या. त्या शेनझेनवाल्याला सरळ विचारा, भारतात तुमचा परवानाधारक एजंट कोण? असेल तर तो नाव देतो. टाळाटाळ करायला लागला की समजून घ्या.

व्हीलचेअर, वॉकरचं वेगळं. वर्ग ए मध्ये जे निर्जंतुक नसतं आणि मोजमापही करत नाही, त्याला परवाना नाही, पोर्टलवर फक्त नोंदणी करावी लागते. आयात शिकायला हाच माल बरा.

माळीवाड्याबद्दल: पूर्ण कंटेनर असेल तर विचार करू. तुमचा माल एवढा नसणार. थोडा माल विमानाने मुंबईत सहारला किंवा सामायिक कंटेनरमधून न्हावाशेवाला उतरतो. औषध नियंत्रकांची ना-हरकत जिथे घ्यायची, ते अधिकारीही तिथेच बसतात. घराजवळ उतरवायच्या हौसेपायी माल अडकवू नका. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची बिल ऑफ एंट्री माल पोहोचायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार, पुढे रोज १० हजार, डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) वेगळंच. नाव इथे सुचवत नाही, माझाच धंदा आहे. मात्र कुणालाही नेमताना एवढं विचारा: गेल्या वर्षात वैद्यकीय माल किती वेळा सोडवला? कापूस-सोयाबीनच्या मशिनरीचा सीएचए इथे चाचपडतो.

नांदेडचा_डीलर:
एक लेबलचं राहिलं. आयात परवान्याचा नंबर, आयातदाराचं नाव-पत्ता, कारखान्याचा खरा पत्ता, उत्पादनाची तारीख, एमआरपी, हे खोक्यावर हवंच. छापलेलं नसेल तर स्टिकर लावता येतं. आमच्या इथे एकाचा माल नुसत्या पत्त्याच्या घोळापायी अडकला होता. परवान्यावर कारखान्याचा एक पत्ता, खोक्यावर हेड ऑफिसचा दुसरा.

एक्सपायरीवाला माल असेल तर उरलेलं आयुष्यही बघतात. वर्षापेक्षा जास्त आयुष्याच्या मालाचं उतरतेवेळी निदान ६० टक्के शिल्लक लागतं. सप्लायर स्वस्तात देतो तो बऱ्याचदा जुना लॉट असतो.

अन् विक्रीसाठी तुमच्याकडे एमडी-४२ नोंदणी आहे का? नसेल आणि घाऊक औषध परवानाही नसेल, तर आधी एफडीएत ते करा. पदवीधर, फार्मासिस्ट किंवा बारावी अधिक एक वर्षाचा अनुभव असलेला माणूस दाखवावा लागतो.

माझं स्पष्ट मत: दुरुस्तीचा माणूस नसेल तर मॉनिटर आणू नका. रात्री दोनला किनवटहून डॉक्टरांचा फोन येतो, तेव्हा शेनझेनवाला उचलत नाही.

उदगीरचा_डॉक्टर:
घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. तुम्हाला आयजीएसटीचं क्रेडिट मिळेल, आम्हाला नाही, कारण आरोग्यसेवा करमुक्त असल्याने हॉस्पिटलचं क्रेडिट अडतं. मूळ शुल्क आणि उपकराचं क्रेडिट तुम्हालाही नाही. भाव सांगताना हे धरून सांगा.

आणि कोणी जुनं सोनोग्राफी किंवा एक्स-रे मशीन स्वस्तात देतो म्हणालं तर हात जोडा. वापरलेल्या वैद्यकीय मशीनच्या आयातीवर पर्यावरण मंत्रालयाचे निर्बंध आहेत, एक्स-रेला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, सोनोग्राफी तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची) नोंदणी नसलेल्याला विकताच येत नाही. आपल्या भागात त्यावर किती बारीक लक्ष असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

परभणीकर_मामा:
विषयाला जोडून विचारतो. भाचीच्या मुलाला दुर्मिळ आजार आहे, औषध परदेशातूनच येतं. जावई म्हणतो, अमेरिकेतला मित्र गिफ्ट म्हणून पाठवील.

माळीवाडा_सीएचए:
मामा, गिफ्ट म्हणून कुरिअरने माल मागवणं डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. जीवरक्षक औषधाला सूट आहे, तरी गिफ्टच्या भानगडीत पडू नका. रुग्णाच्या नावाने १२-ए अर्ज करून १२-बी परमिट घ्या, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जोडून. आजार केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातल्या यादीत असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून वैयक्तिक वापरासाठीच्या औषधाला मूळ सीमाशुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र चालतं, म्हणजे परभणीतच काम होईल. माल निघण्याआधी हे हातात घ्या.

लातूरचा_सर्जिकलवाला:
सगळ्यांचे आभार. शेनझेनवाल्याला एजंटचं नाव विचारलं, तर म्हणाला की इंडियात परवाना लागतच नाही. मॉनिटरचा विषय तिथेच मिटला. व्हीलचेअर-वॉकरची नोंदणी सुरू करतो. सीएचए साहेब, एचएसएनची यादी तुम्हाला मेसेज केलीय, एकदा नजर टाका.