डेव्हिडचा उजवा हात एवढा मोठा का?

प्रश्न (सोलापूर): चादरीच्या नक्षीत प्रमाण बिघडले, तर आमच्याकडे ती चादर बाजूला काढतात, मग मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा उजवा हात डोळ्यांत भरण्याइतका मोठा असूनही ते शिल्प सर्वश्रेष्ठ कसे?

उत्तर १: ही मूर्ती मुळात इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या कॅथेड्रलवर (मुख्य चर्चवर) उंच बसवायची होती, त्यामुळे खालून पाहणाऱ्यासाठी डोके व हात मोठे ठेवले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. शिवाय आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट सोडलेल्या संगमरवरातून १५०१ ते १५०४ या काळात ५ मीटरांहून उंच आकृती काढायची होती. त्या हाताच्या पाठीवरील फुगलेल्या शिरा जरूर पाहाव्यात.

उत्तर २: मला मात्र इटालियन शिल्पकार बर्निनी अधिक भावतो. ‘अपोलो आणि डॅफ्नी’ या त्याच्या शिल्पात झाड होत चाललेल्या डॅफ्नीच्या बोटांतून फुटणारी पाने दगडाची आहेत, हे विसरायला होते.