ग्लॅडियसची प्रतिकृती: पातं एका प्रकारचं, म्यान दुसऱ्याच! घ्यावी का? (मदत हवी आहे)

मंडळी, रोमन सैनिकांच्या ग्लॅडियसची (आखूड तलवारीची) हाताने घडवलेली प्रतिकृती संग्रहासाठी घ्यायची आहे. देहरादूनकडच्या एका कारागिराशी बोलणं चाललंय. तो तिला 'माइंझ' प्रकार म्हणतो आणि सोबत 'टायबेरियसच्या तलवारी'सारखं म्यान देतो. मूळ तलवार 1848 मध्ये जर्मनीतल्या माइंझला सापडली, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्यानाच्या तोंडाशी बसलेला रोमन सम्राट ऑगस्टस, त्याला विजय अर्पण करणारा टायबेरियस (पुढचा सम्राट), खाली टोकाकडे दुहेरी कुऱ्हाड घेतलेली अ‍ॅमेझॉन, म्हणजे ग्रीक पुराणातली योद्धा स्त्री. फोटोत ठोकाकाम फार देखणं दिसतंय, त्यावरच तर जीव जडलाय.

अडलंय ते पात्यापाशी. कडा सरळ समांतर, टोक आखूड, लांबी 48 सेंमी, रुंदी सगळीकडे 5. हे तर ग्लॅडियसच्या दुसऱ्या, पाँपेई प्रकारचं झालं ना? माइंझचं पातं कमरेत बारीक होतं, पुन्हा रुंदावतं आणि मग लांब निमुळतं टोक येतं. कारागीर म्हणतो, "साहेब, गिऱ्हाइकाला एवढा फरक कळत नाही." मला कळतोय, त्याचं काय करू?

शिवाय म्यानाशिवाय वजन 1.6 किलो सांगतोय. एवढं असतं? आणि मुठीच्या लाकडी गोळ्यावर नट दिसतोय, तो चालेल का? पोलाद हाय कार्बन आहे म्हणे. धार लावून नको आहे.

प्रतिसाद 1
तुमचं बरोबर आहे. पाँपेई प्रकार पहिल्या शतकाच्या मध्यानंतरचा, टायबेरियसचं म्यान त्याच्या आधीचं. ही जोडी जमत नाही. वजनही फार आहे, चांगल्या प्रतिकृती किलोच्या आतबाहेर असतात. पातं कडेकडे उतरतं न ठेवता सपाट पट्टी ठेवली असेल, म्हणून जड.

प्रतिसाद 2
आधी नटाचं बघा. आपल्या तलवारीचं पातं मुठीत लाखेने बसवतात, ते गणित इथे चालत नाही. ग्लॅडियसच्या पात्याचं शेपूट हाताच्या पकडीतून, गोळ्यातून आरपार जातं आणि वर ठोकून पसरवतात. नट म्हटला की बहुतेकदा आखूड शेपटाला आटे पाडलेली सळई वेल्ड केलेली असते. भिंतीवर ठीक, हातात धरून फिरवलीत तर पातं सुटून कोणाला तरी लागेल. मूठ चढवण्यापूर्वीच्या पात्याचा फोटो मागा.

प्रतिसाद 3
कोकणात राहत असाल तर म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, हाय कार्बन पोलाद एका पावसाळ्यात गंजतं. पुसून मिनरल ऑइलचा हात, म्यान शेजारी वेगळं. नऊ इंचांवरची पाती शस्त्र कायद्याच्या यादीत येतात, तेव्हा ऑर्डरआधी पोलीस ठाण्यात विचारा. धार नाही म्हणून गणेशोत्सवात मिरवू नका, एवढंच!

धागाकर्ता
आभार. नुसत्या पात्याचा फोटो मागितलाय. माइंझ वळणाचं नवं पातं घडवायला तो तयार आहे, पैसे जास्त लागतील म्हणाला. म्यान मात्र तेच राहू दे म्हटलं. 1065 आणि 5160 पैकी कोणतं पोलाद सांगू?