कविता स्पर्धेच्या नियमांतील ‘अप्रकाशित’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? (मदत हवी आहे)

चोडणकाठ : एका छोट्या, स्वतंत्र वाङ्मयीन नियतकालिकाने कविता स्पर्धा जाहीर केली असून तीत मला भाग घ्यायचा आहे. ‘कविता स्वरचित व अप्रकाशित असावी’ एवढेच एक वाक्य नियमांत आहे आणि तिथेच माझे घोडे अडले आहे. माझी कविता लोकांपर्यंत पोहोचलेली आहे, पण छापून कुठेही आलेली नाही. ती चालेल का? कृपया लवकर सांगावे, वेळ फार थोडा उरला आहे.

दुपारचा वाचक : ‘लोकांपर्यंत पोहोचली’ म्हणजे कशी? फेसबुकवर टाकली, व्हॉट्सअॅपवर फिरली, की कविसंमेलनात वाचली? अंतिम तारीखही तुम्ही लिहिलेली नाही. प्रवेश शुल्क आहे का?

बार्देशकर : शुल्क असेल तर पाठवूच नका. कवीकडूनच पैसे घ्यायचे आणि त्यातूनच त्याला बक्षीस द्यायचे, हा धंदा मी पुष्कळ पाहिला आहे.

चोडणकाठ : तारीख येत्या शुक्रवारची आहे आणि तीन कवितांपर्यंत १५० रुपये शुल्क आहे. चतुर्थीत आमच्या देवळाच्या मंडपात मी ही कविता वाचली, तेव्हा कोणीतरी मोबाईलवर चित्रीकरण करून ते मला न विचारता यूट्यूबवर टाकले. माझा प्रश्न शुल्काचा नाही.

जुना खिळा : बार्देशकरांशी मी सहमत नाही. आम्ही चौघांनी काही वर्षे एक अनियतकालिक चालवले. जाहिराती नसतात, वर्गणीदार वर्गणी विसरतात आणि कागद, छपाई, टपाल यांचा खर्च मात्र कोणी विसरू देत नाही. १५० रुपयांत कोणी माडी बांधत नाही. परीक्षकांची नावे जाहीर झाली आहेत का आणि मागच्या स्पर्धेतील कविता खरोखर अंकात आल्या का, एवढे पाहावे.

बार्देशकर : मी त्याच दोन गोष्टी पाहून पैसे भरले होते. अंक अजून यायचा आहे.

कलम-दवात : मूळ प्रश्नाकडे येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ३ प्रमाणे प्रती काढून किंवा अन्य मार्गाने कृती लोकांपर्यंत पोहोचवणे म्हणजे प्रकाशन. त्यामुळे छापली नाही म्हणजे अप्रकाशित, हे गणित चुकीचे आहे. मात्र कलम ५ असे सांगते की, हक्कभंगाचा प्रश्न सोडल्यास, हक्कधारकाच्या परवानगीवाचून झालेले प्रकाशन हे प्रकाशन मानले जात नाही. म्हणजे तुमच्या चित्रफितीबाबत कायदा तुमच्या बाजूचा दिसतो. पण स्पर्धेतील शब्दाचा अर्थ संपादक ठरवतात, न्यायालय नव्हे. म्हणून त्यांनाच दोन ओळींचे पत्र लिहून विचारा. आणि प्रवेशपत्रावर सही करताना ‘आलेल्या सर्व कवितांचे हक्क आमचे’ असे काही छापले आहे का, तेही पाहा. सहीनिशी लेखी दिल्याशिवाय हक्क हस्तांतरित होत नाहीत आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते (कलम १९).

गणमात्रा : एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी कविता लिहा आणि ती वृत्तात लिहा. भुजंगप्रयात अगदी सोपे आहे. ओळीत चार य गण (लघु-गुरु-गुरु), बारा अक्षरे. मुक्तछंदाचा ढीग वाचून थकलेला परीक्षक तिथे हमखास थांबतो.

दुपारचा वाचक : शुक्रवारपर्यंत?

मक्त्याची चूक : कवितेच्या पानावर नाव नसावे, असा नियम असेल तर जपा. माझी गझल एकदा बाद झाली, कारण पानावरचे नाव मी काढले, पण शेवटच्या शेरातले तखल्लुस (टोपणनाव) तसेच राहिले. बरे, कवितेचे शीर्षक काय आहे?

चोडणकाठ : शीर्षक ‘मानस’.

मक्त्याची चूक : म्हणजे चिंतनपर दिसते.

चोडणकाठ : नाही हो! खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधाला लाकडी झडपांचे दार असते, त्याला आम्ही मानस म्हणतो. भरती आली की खारे पाणी बाहेरून रेटते आणि झडपा आपोआप मिटतात. ओहोटीला आतले पाणी त्या उघडून निघून जाते. माझे वडील रात्री कंदील घेऊन झडपेत काटकी अडकली आहे का, ते बघायला जात. कविता त्यावर आहे. हे सर्वांना ठाऊक असेल असे मी धरून चाललो होतो.

मक्त्याची चूक : मी पुण्याचा. परीक्षकही इकडचे असतील तर ते तुमच्या दारातून थेट अध्यात्मात जातील. तळटीप द्या.

जुना खिळा : तळटीप देऊ नये, ती कवितेच्या पायात येते. एखादी वस्तू ओळीतच आणा.

चोडणकाठ : संपादकांना पत्र लिहिले होते, त्यांचे उत्तर आले. मंडपातले वाचन आणि परवानगीशिवाय टाकलेली चित्रफीत त्यांना अडचणीची वाटत नाही; कवीने स्वतः समाजमाध्यमावर टाकलेली कविता मात्र ते घेत नाहीत. हक्कांबद्दल प्रवेशपत्रात काही नाही. तळटीप दिली नाही, दुसऱ्या ओळीत ‘बांधाच्या झडपा’ आणल्या. पानाखाली सवयीने घातलेले माझे आणि गावाचे नाव काढले आणि १५० रुपये आत्ताच भरले.

बार्देशकर : पावती जपून ठेवा.